उचकीचा पत्ता

लग्नात अक्षता टाकून झाल्या की लोक पंगतीकडे वळतात. खर्चे सर नवरदेवाकडे वळत. आशीर्वाद देता देता अंगठ्याने त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. मेहकरला सख्ख्या भाचीच्या लग्नात तर हळदीलाच त्यांनी हा उद्योग केला. हळदीने माखलेल्या होणाऱ्या जावयाचा डोळा पाहिला आणि भर मांडवात बहिणीला म्हणाले, "सुमन, ही हळद धुतल्यानं जाणार नाही. पोराले कावीळ हाये."

कावीळच निघाली. लग्न पुढे ढकललं, पोरगा बरा झाला, संसारही सुखाचा झाला. पण सुमनताईंनी भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. सरांचं चुकलं असतं तर त्यांनी केव्हाच माफ केलं असतं. बरोबर निघालं, हे माफ करणं अवघड होतं.

मोताळ्याला सरांचा लहानसा दवाखाना होता आणि मी त्यांच्या हाताखालचा डॉक्टर. साथीच्या रोगांनी घेतलेली सोंगं ओळखणं हा सरांचा आयुष्यभराचा नाद. "रोग काय दरवेळी बँड लावून येते काय बे?" ते मला म्हणत. "कधी वरात समोरून जाते अन् नवरदेव मागच्या दारानं घरात. दुखणं दिसते कुठं ते सोड, राह्यते कुठं तो पत्ता काढ."

एकदा एका म्हातारीला घेऊन घरचे आले. ती तापात पडल्या पडल्या दोन्ही हातांनी चादरीवरून काहीतरी वेचत होती. मुलगा कौतुकाने सांगत होता की आई जन्मभर कापूस वेचत आली, आता झोपेतही सुटी घेत नाही. मला ते पटलं. मी म्हातारीला नमस्कार करायचाच काय तो बाकी ठेवला होता. सर म्हणाले, "कापूस सरला दोन महिने झाले. ही विषमज्वर वेचून राह्यली." आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून, "डॉक्टर, तुमीबी वेचू लागता काय तिले?" खोली हसली. म्हातारी वाचली. मी ते हसणं विसरलो नाही.

अशा रुग्णांवर सर लेख लिहीत आणि मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय मासिकांना पाठवत. लेख परत येत. कारण नेहमी तेच: हे आधीपासून माहीत आहे, यात नवीन काही नाही. सर वैतागत नसत. "त्यायले नवा रोग पाह्यजे," म्हणत, "इथं जुनाच वळखू येईना."

मग एका सकाळी सरांनाच उचकी लागली.

दुसऱ्या दिवशीही ती थांबेना तेव्हा दवाखान्यात नेहमीचा उपाय सुरू झाला. उचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय. त्या माणसाचं नाव घेतलं की थांबते. नर्स कमलताईंनी सरांच्या दिवंगत आईपासून सुरुवात केली. रुग्णही सामील झाले. सलाइन लावलेला एक जण तालुक्यातल्या पुढाऱ्यांची नावं पक्षवार घेऊ लागला. कोणीतरी सरांनी बऱ्या केलेल्या म्हशीचं नाव घेतलं. सर प्रत्येक नावाला उचकी देत होते, सभेत हात वर करून मत द्यावं तसे.

मध्येच त्यांनी मला आत बोलावलं. अंगात कणकण होती. म्हणाले, "पोट दाबून पाह्य जरा." मी शर्टावरूनच दाबलं. बरगडीखाली हात जाताच ते दचकले. मी म्हणालो, "गुदगुल्या होतात का, सर?"

ते हसले. मीही हसलो. कितीतरी वर्षांनी हसं माझं नव्हतं, त्यांचं होतं, आणि ते मला फार गोड लागलं. मी शर्ट वर करायला सांगितलं नाही. सोनोग्राफीला पाठवलं नाही. बाहेर येऊन मीही खेळात उतरलो आणि म्हणालो, "मेहकरच्या सुमनताई."

उचकी थांबली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणजे जन्मभर प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना तो नकोसा वाटला असावा. "आठवण काढून राह्यली म्हणजे," ते म्हणाले, "जाऊन येतो." मीच त्यांना मेहकरच्या एसटीत बसवून दिलं.

यकृतात अमीबाचं गळू झालं होतं. तेच वर छाती-पोटामधल्या पडद्याला टेकून उचक्या देत होतं. बहिणीकडे दोन घास खाल्ले आणि ते फुटलं. बुलढाण्याला नेलं, पण सर वाचले नाहीत.

तेराव्याला सुमनताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, त्या रोजी मी खरंच आठवण काढली होती त्याची. दुखणाईत माणसाले मीच ओढून आणलं." मी मान खाली घातली. त्यांना ते होकारार्थी वाटलं असणार. मी वाटू दिलं.

पुढे सरांची आठवण म्हणून त्यांच्याच आजारावर मी लेख लिहिला: केवळ उचकीतून प्रकट झालेलं यकृताचं गळू. वाटलं, निदान हा तरी छापून येईल. तो परत आला. उत्तर तेच होतं. हे आधीपासून माहीत आहे, यात नवीन काही नाही.

सरांना हे वाक्य कधी लागलं नव्हतं, मला लागलं. माहीत होतं. पुस्तकात होतं, मलाही होतं.

गेल्या महिन्यात मी मेहकरला गेलो. सुमनताई आता थकल्या आहेत. त्यांना सगळं सांगितलं, शर्ट, बरगडी आणि गुदगुल्यांसकट. तुमच्या आठवणीने नाही, माझ्या हसण्याने ते गेले, म्हणालो. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "म्हणजे मी नाही," एवढंच म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग उठून चहा ठेवला.

पहिल्याच घोटाला मला उचकी लागली. सवयीने त्यांनी कुणाचं तरी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कप माझ्या हातातून काढून घेतला.

"शर्ट वर करा," त्या म्हणाल्या.

भावाचीच बोटं असावीत तशी बोटं त्यांनी माझ्या बरगडीखाली रोवली. "दुखते काय?"

"नाही."

"नीट सांगा," त्या म्हणाल्या. "गुदगुल्या म्हणसान तर खबरदार."