नवसाचा रंग

मी दहावी पास झाले त्या वर्षी वडिलांनी आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप रंगवला. आमच्या घरात त्याआधी दहावीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. पोरगी पास झाली तर मंडपाचे सगळे खांब आपल्या हातानं रंगवीन, असा त्यांचा नवस होता. ते रंगारी आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, लग्नघराच्या भिंती रंगवतात. त्या वेळी आठ दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. खांब पिवळे केले, खालचे चौथरे लाल, आणि खांबांवर कोरलेल्या बायकांना हिरवी लुगडी. ऑइलपेंटचा तो झगमगाट पाहून गावानं त्यांना नारळ आणि टोपी दिली.

चार वर्षांनी तोच रंग काढायला मी त्याच मंडपात बसले.

मी बारामतीला कॉलेजात इतिहास शिकते. जुन्या दगडी इमारतींवरचा रंग काढणाऱ्या एक बाई पुण्याहून येणार आहेत, इंदापूर तालुक्यातल्या एका देवळात काम आहे, सुट्टीत मदतीला एक विद्यार्थी हवा, असं सरांनी वर्गात विचारलं. गावाचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. तोवर माझा हात वर गेला होता. तो खाली घ्यायला हवा होता का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

गावानं आधी एकाच खांबाची परवानगी दिली होती. दगड चांगला दिसला तर पुढं, नाहीतर पुन्हा रंग. घरी मी एवढंच सांगितलं, "कॉलेजचं काम हाय." वडील "बरं" म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून कामाला जाताना ते देवळावरून न जाता मागच्या बोळानं जाऊ लागले.

आई मात्र बोलली. "नवसाचा रंग हाय त्यो. काढला तर नवस फिरंल. तुजं शेवटचं वरीस ऱ्हायलंय अजून."

मी शिकले आहे, अशा गोष्टी मानू नयेत, हे मला कळतं. मला नवसापेक्षा वडिलांची भीती होती. म्हणजे त्यांच्या रागाची नाही. ते त्या बोळातून एकटेच मान खाली घालून जायचे, त्याची.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "घासायचं नाही. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, लोखंड तर नाहीच. रंगानं स्वतःहून दगड सोडला पाहिजे. आपण फक्त वाट बघायची." त्यांनी खांबाच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर रंग सोडवणारा लेप लावून पाहिला, मग तळहाताएवढ्या. लेपावर प्लॅस्टिक झाकायचं आणि चार तास थांबायचं. झाकण काढलं की रंग दुधावरच्या साईसारखा सुरकुतलेला असायचा. मग बांबूची कामटी खाली सरकवून तो हळूच उचलायचा. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पोपटी, त्याखाली चुन्याचे पापुद्रे. चुना ओल्या ब्रशनं निघाला. आणि मग दगड.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की आईच्या माहेरी, पळसदेवला, पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडतं. काळा दगड मी लहानपणापासून पाहत आले. पण हा मी हातानं उघडा केलेला होता. त्याच्यावर छिन्नीचे बारीक वार होते, काल कुणी मारावेत इतके ताजे. मी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. न विचारता कुणाला हात लावावा तसं वाटलं.

गावातले तात्या रोज ओट्यावर बसून बघायचे. "बापानं लावायचा, लेकीनं काढायचा. चांगला धंदा काढलाय की घरातल्या घरात," ते म्हणायचे. लोक हसायचे. मी खाली बघून कापूस भिजवायचे.

खांबावर ढोलकी वाजवणारी एक बाई कोरलेली होती. तिचा चेहरा निघाला, हात निघाले, ढोलकीच्या दोऱ्या निघाल्या. कमरेशी मात्र काम अडलं. रंग गेला, पण खाली पांढरट, टणक काहीतरी चिकटून राहिलं. लेपानं ते हललं नाही. मॅडमनी भिंग लावून पाहिलं. "चुना नाही, सिमेंटही नाही. हे काय आहे ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. दगडाची कड तुटली तर परत येत नाही. असंच राहिलं तर गाव म्हणेल, खांबाला कोड फुटल्यासारखं दिसतंय."

मला ते काय आहे ते दिसताक्षणी कळलं होतं. ती लांबी होती. रंग देण्याआधी रंगारी खड्डे बुजवायला भरतात ती. घरात मी ती लहानपणापासून मळताना पाहिली आहे. पण तिच्यात काय काय घातलं होतं, हे एकाच माणसाला माहीत होतं.

संध्याकाळी वडील दारात एका ट्रॉलीच्या फळीवर नंबर टाकत होते. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले.

"अण्णा, मंडपाला लांबी कशाची भरली हुती?"

"का?"

"निघंना."

"निघंल कशी? निघू नये म्हनून भरलीय." ब्रश थांबला नाही. आकडा पुरा करून ते म्हणाले, "कुठला खांब?"

"डावीकडचा दुसरा. ढोलकीवाली."

"तिच्या कमरंचा जुना रंग पडला हुता, खाली खड्डं हुतं. बारीक, किड्यानं खाल्ल्यागत. म्या भरून सपाट केलं. खडूची भुकटी, अळशीचं तेल, आन् वार्निश जरा जास्तच." मग माझ्याकडं न बघता, "वार्निश हाय म्हनून सांग त्येंना."

सकाळी मी सांगायला गेले तर वडील माझ्या आधीच मंडपात येऊन उभे होते, खिशात लांबीची लोखंडी पट्टी घेऊन. मॅडमनी ती बघितली आणि हात पुढं केला. वडिलांनी पट्टी त्यांच्या हातात दिली. मी वार्निशचं सांगितल्यावर मॅडमनी दुसरं औषध काढलं, नखाएवढ्या जागेवर लावून पाहिलं, मग पुरा लेप दिला. चार तास वडील हलले नाहीत. पाणी दिलं तेही प्यायले नाहीत.

लांबी लोण्यासारखी मऊ झाली. मॅडमनी कामटी मला न देता त्यांना दिली. ज्या हातानं ती दाबून बसवली होती त्याच हातानं ते ती उचलू लागले, अगदी हळू.

खाली खड्डे नव्हते. कंबरपट्टा होता. मण्यांच्या तीन ओळी, मणी ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि प्रत्येक मण्याला आरपार भोक. कापसाची काडी आत जाईना, इतकं बारीक. ज्या दगडावर आमचा पहारीचा घाव उडून परत येतो, त्याच दगडात.

वडील गुडघ्यावर बसले. "म्या ह्येला खड्डं म्हनलं," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनी मण्यांच्या कडेनं बोट फिरवलं, मग ढोलकीवर, मग चेहऱ्यावर. "डावरा हुता गडी," ते म्हणाले.

"कोण?" मॅडमनी विचारलं.

"घडवनारा. वार बघा की, समदे उलट्या अंगानं उतरल्यात. उजव्या हाताचा मानूस असा वार मारायचा न्हाय."

मॅडमनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. आपण हे पाहिलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. कोण, कुठला, काहीच माहीत नसलेला एक माणूस एकदम तिथं येऊन बसल्यासारखा झाला, डाव्या हातात छिन्नीवर मारायची हातोडी धरून. आणि त्याला ओळखणारा माणूस माझ्या घरातला होता.

"काळा दगडच निघाला की शेवटाला," ओट्यावरून तात्या म्हणाले.

"तात्या, जवळ या. चष्मा घालून या," वडील म्हणाले. तात्या आले, वाकले, आणि चष्मा पुसून पुन्हा वाकले.

मला विचारायचंच होतं. "अण्णा, नवसाचं काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी अगदीच बावळट विचारल्यासारखं. "नवस रंगवायचा हुता. रंगवला. जपून ठेवीन असं कवा बोललो हुतो?"

मग ते उठले आणि पुढच्या खांबाकडं गेले. रंगावर बोट ठेवून म्हणाले, "हितं भरलीय. हितं बी. ह्या हत्तीच्या पायात लई भरलीय, वार्निश न घालता. लिहून घे."

मी वही उघडली आणि त्यांच्यामागून निघाले.