कुलपाआडची कच्ची मुलं

माझ्या नणंदेला सगळे गरीब गाय म्हणतात. म्हणोत बापडे! त्या दिवशी सभागृहात काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. हेडमास्तर अजून मला बघितलं की रस्ता बदलतात. बदलू देत. त्यांच्या कानावर हे गेलं तर बरंच होईल.

वन्सं माझ्या नवऱ्याहून मोठ्या. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. कुणी आडून आडून पोराबाळांचं काढलंच तर म्हणतात, "वर्ग भरलाय माझा, बसायला जागा नाही." आणि ते खरंच आहे. शहरातल्या सरकारी शाळेत त्या दुसरीला शिकवतात. शेजारच्या वर्गाच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, म्हणून तो वर्गही यांच्याच गळ्यात. एका बाकावर चार-चार पोरं. कडेचं पोर लिहायला लागलं की अर्धं बाहेर लोंबतं. छताचा रंग सोलून वह्यांवर पडतो आणि वन्सं तो फुंकर मारून उडवतात, जणू काही झालंच नाही. मी असते तर छत डोक्यावर घेतलं असतं.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. फळ्यावरची अक्षरं गिरवायला लावायच्या आधी त्या प्रत्येक पोराला म्हणतात, "तुझं एक वाक्य सांग." पोर जे बोलेल ते कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. स्वतःचंच बोलणं, त्यामुळे पोराला ते वाचता येतंच. मग त्यातलेच शब्द सुटे करून अक्षरं शिकवायची. माझी लेक त्यांच्याच वर्गात. तिची पट्टी घरी आली, त्यावर लिहिलं होतं, "माझी आई फार ओरडते." मी वन्संना म्हटलं, "दुसरं काही सुचलं नाही का हिला?" तर म्हणतात कशा, "वहिनी, मुलीनं पहिल्यांदा आपणहून वाचलंय. जरा कौतुक करा." मी ओरडतच कौतुक केलं.

लेक वाचनात मागे होती. अक्षर दिसलं की ओठ घट्ट मिटायची. अशा पोरांना शाळेत 'कच्ची मुलं' म्हणतात, तेही त्यांच्या तोंडावर. अहो, कच्ची म्हणजे काय? पिकत घातलेली फळं आहेत का ती? पण वन्सं त्यांना घेऊन शाळा सुटल्यावर जिन्यात बसायच्या. एकेक पट्टी, एकेक शब्द. पट्ट्या सगळ्यांच्या वाचून झाल्या, आता त्यांना खऱ्या पुस्तकांची भूक लागली होती, आणि पुस्तकं कुठे होती? वरच्या मजल्यावर, कुलपात!

शिक्षण सुधारायचं म्हणून दरवर्षी वरून काहीतरी नवीन येतं. एका वर्षी भिंती रंगवल्या. एका वर्षी टॅब आले, ते कपाटात गेले ते गेलेच. मग आला वाचन कक्ष. सुंदर खोली, गाद्या, बुटकी कपाटं, आणि रंगीत चित्रांची पुस्तकं, एकेक प्लास्टिकच्या वेष्टनात. हेडमास्तरांनी फीत कापून घेतली आणि दाराला कुलूप ठोकलं. का? तर पोरं पुस्तकं मळवतील. वन्संनी किती वेळा किल्ली मागितली! "बघू." "पुढच्या आठवड्यात." "आधी जबाबदारी कुणाची ते ठरू दे." मी म्हणायची, "भांडा की जरा!" त्या म्हणायच्या, "भांडून किल्ली मिळेल, पण दुसऱ्या दिवशी कुलूप बदलेल."

मग तपासणी जाहीर झाली. मोठ्या अधिकारी मॅडम येणार, पोरांचं वाचन ऐकणार आणि शाळेला श्रेणी देणार. आदल्या दिवशी हेडमास्तर वन्संना म्हणाले, "बाई, ती तुमची कच्ची मुलं उद्या घरीच राहिलेली बरी. श्रेणी घसरली की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करतात. मग आईबापांना काय सांगाल?"

हे वन्संनी रात्री जेवताना सांगितलं. त्या कच्च्यांत माझी लेक होती ना! वन्सं ताटाकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, कुठल्या तोंडानं एखाद्या आईला सांगू, की तुझं पोर दाखवण्यासारखं नाही?" सकाळी त्यांनी झाडून सगळी पोरं गोळा केली आणि वर्गात नेऊन बसवली.

हेडमास्तर चकार शब्द बोलले नाहीत. तिथेच मला संशय यायला हवा होता. मीही तिथेच होते, पालकांचा सहभाग दाखवायला आम्हा चार-पाच आयांना ठेवणीतले कपडे घालून बोलावलं होतं. प्रार्थना झाली आणि शिपायानं येऊन नेमकी कच्च्यांचीच नावं वाचली, म्हणाला, "या मुलांची आरोग्य तपासणी आहे, वर पाठवा." पोरं रांगेनं गेली. त्यांच्या जागी इतर वर्गांतली चुणचुणीत पोरं आणून बसवली. वन्सं विचारायला दाराशी गेल्या, तेवढ्यात मॅडम समोर उभ्या!

उसनी पोरं धडाधड वाचत होती. मॅडम मान डोलावत होत्या. वन्संचा चेहरा मात्र पांढराफटक. आणि वरून हसण्याचा आवाज आला. लहान पोरांचं असतं ना, पोट धरून, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू होणारं, तसं.

"वर कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"वर? वर काही नाही. वाचन कक्ष आहे," हेडमास्तर म्हणाले आणि जीभ चावली.

मॅडम निघाल्याच जिन्यानं. मागून आम्ही सगळे. दाराला बाहेरून कुलूप आणि आतून हसणं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोरीला कोंडलं होतं हो, गुरासारखं! हेडमास्तरांनी कुलूप काढलं.

आत बघते तर काय! प्लास्टिकचा नुसता पसारा, आणि पोरं गादीवर पालथी पडून पुस्तकं वाचताहेत. पट्ट्यांवर शिकलेले शब्द पुस्तकात भेटले की ओरडून एकमेकांना दाखवताहेत. माझी लेक शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. आम्ही आलेलं तिला कळलंही नाही.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "पण बाहेरून कुलूप का?"

"मुलांची एकाग्रता भंगू नये म्हणून, मॅडम," हेडमास्तर म्हणाले. "आमचा मुक्त वाचन उपक्रम."

मुक्त! कुलूप लावून मुक्त! मी तोंड उघडलं, पण वन्संनी माझा दंड दाबला. त्या स्वतः पुढे होऊन "मॅडम, खरं म्हणजे..." एवढंच बोलल्या, तोवर फोटोवाला मध्ये घुसला. खटाखट फोटो निघाले. मॅडमना पुढच्या शाळेत जायचं होतं. त्या गेल्या, पोरांना खाली हाकललं आणि पुन्हा कुलूप. आणि वरताण म्हणजे हेडमास्तर वन्संना म्हणतात, "तुमच्या पोरांनी वेष्टनं फाडली, नवीन तुम्हीच चढवा." वन्सं म्हणाल्या, "नाही चढवणार." इतक्या वर्षांत त्या शाळेत 'नाही' म्हणाल्या ते पहिल्यांदा. वेष्टनं शिपायानं चढवली.

घरी लेक रोज विचारायची, "आत्या, ते पुस्तक कधी देणार?" रोज. जी पोरगी अक्षराला घाबरायची, ती पुस्तकासाठी रडून झोपायची. वन्सं तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसायच्या आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. चार दिवसांत हिचं वाचन पुन्हा आटेल, ही धास्ती होती मला.

आणि बातमी आली की आमच्या शाळेला 'आदर्श वाचन कक्ष' म्हणून बक्षीस! निर्लज्जपणाला काही सीमा? बक्षीस समारंभाला शहरातल्या मोठ्या सभागृहात तोच फोटो भिंतीएवढा मोठा करून लावलेला. हेडमास्तर नव्या सुटात, आम्ही आया समोर खुर्च्यांवर. फोटोतली मुलं मंचावर आणा, असा वन्संना आधीच हुकूम होता. त्या इतक्या गुपचूप 'हो' म्हणाल्या की मी चिडलेच. "किती मूग गिळाल, वन्सं?"

मॅडमच्या हातून हेडमास्तरांनी सन्मानचिन्ह घेतलं. टाळ्या झाल्या. तेव्हा वन्सं माईकपाशी आल्या. आवाज जेमतेम निघत होता. "मॅडम, एक विनंती आहे. बक्षीस वाचनाचं आहे, तर एखाद्या मुलाला विचारा ना, काय वाचलं ते."

मॅडमना ते फार आवडलं. फोटोत सगळ्यांत पुढे माझी लेक होती. त्या माईक घेऊन तिच्यापाशी वाकल्या. "बाळ, तू कुठलं पुस्तक वाचत होतीस?"

"हत्तीचं," लेक म्हणाली. "हत्तीला बसमध्ये चढायचं असतं. तो अर्धा आत जातो आणि दारात अडकतो. मग कंडक्टर घंटी वाजवतो, सगळे लोक मागून ढकलतात..."

सभागृह हसायला लागलं. मॅडमही हसल्या. "मग? गेला का आत?"

"माहीत नाही. तेवढ्यात तुम्ही आलात. फोटो काढला आणि सरांनी कुलूप लावलं."

हसणं एकदम बंद पडलं. मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "नंतर उघडलंच नाही?"

"एकदा पण नाही," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

हेडमास्तर सारवासारव करायला लागले, "देखभालीसाठी, मॅडम... तात्पुरतं..." वन्संनी त्यांच्यासमोर हात पसरला. "सर, किल्ली."

"ती... ती शाळेत आहे, बाई."

"खोटं!" मी खुर्चीवरून उठलेच. "खिसे बघा त्यांचे!" इतर आयाही उठल्या. "द्या की किल्ली!"

हेडमास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून वन्संच्या हातावर ठेवली. बक्षीस घ्यायला येतानासुद्धा तो माणूस ती बरोबर घेऊन आला होता.