चहाच्या स्टॉलपुढचा खळगा

आमच्या गावच्या स्टेशनची छोटी प्रतिकृती मी टेबलावर उभारतोय. फलाटाची दगडी फरशी पुठ्ठ्याची. एकेक तुकडा कापून, रंगवून बसवलेला. चहाच्या स्टॉलपुढे ती मुद्दाम घासून खोलगट केली.

मेहुणे वाकून म्हणाले, “दाजी, इथं दबलंय. पुट्टी भरू?”

“पुट्टी? अहो, चहाला माणसं उभी राहून राहून दगड झिजलाय तो.”

“खऱ्या स्टेशनावर आता गुळगुळीत टाइल्स आहेत की.”

आहेत ना. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी घडवलेला खळगा रेल्वेवाल्यांनी एका दुपारी उखडला आणि वर फलक लावला, सुशोभीकरण. जिच्यावर उभा माणूस घसरतो, ती म्हणे शोभा. माणसाच्या वावराची खूण यांना घाणच वाटते.

मेहुण्यांचं बोट मात्र त्या खळग्यात जाऊन विसावलं होतं.

“राहू द्या तिथंच,” मी म्हणालो, “चहा टाकतो.”