धरणाच्या मधोमध

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मैत्रिणी ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीची तयारी करत होतो. मी डोंबिवलीची, ती माजिवड्याची, दोघीही चाळिशी ओलांडलेल्या. पोहण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. स्विमिंग पूलमध्ये मला दम लागला की काठावरून ओरडायची, "अगं, हात लांब टाक!"

शर्यतीतलं पोहणं एका धरणात होतं. अर्ध्या वाटेवर ती मला जागच्या जागी हातपाय मारताना दिसली. जवळ गेले तर म्हणाली, "मला श्वासच घेता येत नाहीये," आणि तिने माझा खांदा इतक्या जोरात धरला की मी पाण्याखाली गेले. वर आले तेव्हा मीही पुरती घाबरलेले. तरी ओरडले, "सोड मला! पाठीवर पड!" तिने सोडलं. मी तिच्या मानेखाली एक हात दिला आणि दुसरा उंच करून बचावाच्या बोटीला बोलावलं. बोट येईपर्यंत तिला एकच सांगत राहिले, "श्वास सोड. आता घे."

बोटीवरच्या लोकांनी तिला वर ओढून घेतलं. ती रडत होती. "तू जा गं," म्हणाली. मग मी निघाले.

सायकल संपवून पळायला लागले तर पोटऱ्यांत गोळे आलेले. वळणावर ती टॉवेल गुंडाळून उभी होती. कडेकडेने माझ्यासोबत चालू लागली.

"थांबायचं नाही हं. माझं राहिलं, तुझं राहता कामा नये."

मी शर्यत पूर्ण केली, जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. पुढच्याच रविवारी आम्ही दोघी पुन्हा पाण्यात उतरलो, पण काठाजवळच.