त्या सिनेमातला आवाज

मायाप्पा सर कॉलेजवरचा कुठलाही जुना विनोदी सिनेमा बघायला बसले की हिरोकडे बघायचेच नाहीत. त्यांचा डोळा मागच्या बाकांवर. "त्यो कोपऱ्यातला बघा. आख्ख्या सिनेमात त्येला एक शबूद न्हाई. फी मातर त्येनंबी भरली आसंल की!" असं म्हणून स्वतःच हसायचे. हिरो शहरातला, त्याची प्रेयसी गोरीपान आणि गावाकडचा पोरगा फक्त तोंडावर आपटायला, हे मला त्यांनी दाखवलं. तोवर मीही तेच सिनेमे पोट धरधरून पाहिले होते.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात सर फिजिक्स शिकवायचे, मीही तिथंच शिकवतो. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातले, कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच. साताऱ्यात बी.एस्सी. करताना त्यांच्या कॉलेजात अशाच एका सिनेमाचं शूटिंग झालं आणि दिग्दर्शकाने या उंच, सावळ्या पोराला वर्गातल्या प्रसंगात उभं केलं. पडद्यावर तो बाईंना विचारतो, "आवं म्याडम, हितं म्हशी कुटं बांदायच्या?" सिनेमा तुफान चालला आणि सर जन्मभराचे 'म्हशीवाले' झाले. दर गॅदरिंगला पोरं ते वाक्य मागायची, सर म्हणून दाखवायचे. मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे!

गेल्या वर्षी गॅदरिंग माझ्याकडे होतं. सरांचं निवृत्तीचं वर्ष, म्हणून तोच प्रसंग नाटुकल्यात बसवायचं मी ठरवलं आणि ते वाक्य माझ्या वर्गातल्या, आटपाडीकडच्या सुनंदाला दिलं. तिचं बोलणं अस्सल, म्हणून! ती काही बोलली नाही. मी तो होकार धरला. त्यानंतर शंका विचारून भंडावून सोडणारी ही मुलगी वर्गात वहीत डोकं घालून बसायला लागली. पोरं तिला 'म्हैस' म्हणून हाका मारतात, हे मला सरांनी सांगितलं.

"अहो, गंमत आहे ती. आता मी काय करू म्हणता?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी काय बी करू नगा," सर म्हणाले. "मीच बोलतो."

नाटुकल्याच्या आधी सरांचा सत्कार होता. नेहमीसारखा "डायलॉग! डायलॉग!" असा गिल्ला झाला. सर माईकपुढे आले.

"पोरांनो, त्यो आवाज माजा न्हाई."

सभागृह हसलं. ही नवीन गंमत, असं सगळ्यांना वाटलं.

"माजं बोलणं दिग्दर्शकाला पुरेसं गावठी वाटलं न्हाई. मागनं कुण्या नटाचा आवाज माज्या तोंडावर चिकटवला. वाक्यबी बदाललं. आमच्या घरात मेंढरं हुती, म्हस कवाच न्हवती. शूटिंगला मी म्हनलेलो, 'म्याडम, ह्ये परत एकदा सांगाल का? मला समजलं न्हाई.' माजं तेवडंच हुतं."

"मग इतकी वर्षं का म्हणत होता, सर?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुमी हसला की मलाबी तुमच्यातलंच झाल्यागत वाटायचं. पर आता त्ये एका पोरीच्या गळ्यात पडलंय. चूक माजी हाय."

टाळ्या पडल्या नाहीत. नाटुकलं मी तिथंच रद्द केलं. सरांनी केलेली चूक एवढीशी आणि मी केलेली केवढी, हे मला कळत होतं. लाजेनं मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला गाठलं. माफी मागितली आणि वर म्हणालो, "तुला नको होतं तर सांगायचं नाही का?"

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "सर, तुमी वाक्य दिलं. इचारलं कवा?"

मायाप्पा सर आता जतला असतात. तिचं हे उत्तर त्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मलाबी कुणी इचारलं न्हवतं. पर ह्ये म्हणायला मला चाळीस वर्सं लागली. पोरीला चाळीस दिसबी लागलं न्हाईत."