अणुवीज केंद्रातला जावई

बाबांचं मत ठाम होतं : देशानं अणुवीज केंद्रं बांधलीच पाहिजेत. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी गेली. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. म्हणून रिटायर झाल्यावर चौबे कॉलोनीच्या बगिच्यात ते धुरावाचून मिळणाऱ्या विजेवर रोज भाषण देत. लोक भराभर पुढं चालत, बाबा मागून बोलत.

मग मला स्थळ आलं. मुलगा समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात इंजिनियर. बाबांनी बगिच्यात जाणंच बंद केलं.

"तुम्हीच तर म्हणता ना, चांगलं असते म्हणून," आई म्हणाली.

"देशाची गोष्ट वेगळी, पोरीची वेगळी."

मुलगा मला बघायला आला, त्या दिवशी पुरानी बस्तीत राहणारी आत्या मात्र तपासणीच्याच तयारीनं आली. किरणं अंगात मुरली असली की जवळचा रेडिओ खरखरतो, असं तिला शेजारच्या दीदीनं सांगितलं होतं. मुलगा पोहे खात होता. आत्या जुना ट्रान्झिस्टर लावून गुपचूप त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. रेडिओ जोरात खरखरला. आत्या पांढरीफटक.

मुलगा वळला. "मॅच आहे का आज?" म्हणत त्यानं रेडिओ तिच्या हातातून घेतला, बटण फिरवलं आणि कॉमेंट्री लावून दिली. बाबांनी खुर्ची पुढं ओढली. त्यानंतर बराच वेळ, मुलगी बघायची आहे, हेसुद्धा कोणाच्या लक्षात नव्हतं.

शेवटी आईनं आम्हाला गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, "तिथं काम करायची भीती नाही वाटत?"

"सुरुवातीला वाटली. आज मात्र तुमच्या आत्याची वाटून राहिली. त्या माझ्या मागं काहून उभ्या होत्या?"

मी खरं ते सांगितलं. तो कठड्याला धरून हसला. माझा होकार तिथंच झाला.

पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाली, "पोट्टा बरा आहे. पण उद्या लेकरं कशी होतील?"

आई भडकली. "यांच्या नाकातून रोज काळं निघे, तेव्हा काहून नाही विचारलं, ताई?"

लग्न झालं. पुढं मुलगी झाली, तर आत्यानं तिची बोटं दोनदा मोजली आणि मगच तिला मांडीवर घेतलं.

गेल्या वर्षी माहेरी आलो, तेव्हा मोबाइलवर अफवा फिरत होती की असंच एक केंद्र आपल्याकडं येणार. बाबांनी जावयाला बाजूला घेतलं.

"बांधू दे, माझी ना नाही. पण रायपूरजवळ नको. कुठंतरी ओसाड जागा पाहा म्हणावं."

"ओसाड जागेतही कोणाचे तरी सासरे राहतात, बाबा," नवरा म्हणाला.

बाबा आईला म्हणाले, "जावयाले चहा दे."