कमलताईंनी मोडलेला गुरुवार

माझे उपास मोडणारी बाई आज गेली.

कमलताई. माझ्या मोठ्या जाऊबाई. गावी, किन्हीराजाला राहायच्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या यांना पॅरॅलिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली. अंघोळ, औषधं, एक्सरसाइज, सगळं माझ्याकडे.
वर सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. यांच्यासाठी देवाला बोललेले उपास.

एका चतुर्थीला यांना पलंगावरून उठवताना मला चक्कर आली. दोघंही खाली.
यांचं डोकं लोखंडी कडेला लागता लागता वाचलं.

कळल्याबरोबर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कमलताई दारात.

"आज काय खाल्लं वं?"
"गुरुवार आहे, ताई."
"अन् काल?"
"चतुर्थी."
"मंग जेवतं कवा तू? ग्रहन सुटल्यावर?"

त्यांनी डब्यातून ज्वारीची भाकर आणि पातोडीची भाजी काढली.

मला रडू फुटलं. म्हटलं, "उपास मोडला अन् यांना काही झालं तर?"

"पाप मायावर. मी घेतो. दूध काढाच्या आंधी म्हशीले सरकीची ढेप देतो का नाई आपन? तू तं म्हशीवूनबी गेली. जेव!"

पलंगावर हे हसले. वाकड्या तोंडानं. अटॅकनंतर पहिल्यांदाच.

मी जेवले.

मग त्यांनी मला खोलीत झोपवलं आणि बाहेरून कडी लावली.
दुपारची झोप त्या स्वतःही कधी चुकवत नसत. सोयाबीनची सोंगणी असो, नाहीतर त्यांचे मालक, आमचे भाऊजी, गेले ते वर्ष असो.
"मी निजली तं वावर पयून जात नाई," म्हणायच्या.

हे पुन्हा चालायला लागले ते नेमकं कशामुळे? फिजिओथेरपी? गोळ्या? की आधी केलेले उपास? मला अजून ठरवता येत नाही.
पण त्यानंतर माझ्या हातून हे पुन्हा पडले नाहीत. ते भाकरीमुळे. एवढं नक्की.

आज अंत्ययात्रेत हे काठी टेकत, स्वतःच्या पायांनी शेवटपर्यंत चालले.

घरी परतलो तर शेजारणीनं पिठलं-भाकर आणून ठेवलेली. मला घास उतरेना. त्यात आज गुरुवार, माझ्या जुन्या उपासाचा.

यांनी डाव्या हातानं भाकर मोडली. माझ्यापुढे धरली.
"खाय. वहिनीनं पाप घेतलं हाय नं सोतावर."

खाल्ली.

तुमच्यापैकी जे आत्ता कोणाच्या उशाशी बसून हे वाचत असतील, त्यांना एकच विचारते. जेवलात का?

कमलताई, भरल्या पोटानं तुम्हाला नमस्कार.